सिंदफणेच्या काठी समुद्राचा गाळ

बीड जिल्ह्यात समुद्र नाही, हे कळायला तिथवर जायची गरज नव्हती. तरी गेल्या वैशाखात मी समुद्राच्याच कामासाठी तिकडे गेलो होतो, आणि जाताना समुद्राचा एक तुकडा बरोबर नेला होता. मित्रांनी मला वेड्यात काढलं. मित्र म्हणजे मुंबईत कॉलेजच्या वाटेवर भेटणारे दोघे-तिघे. त्याहून जास्त आता उरलेले नाहीत.

हा तुकडा म्हणजे हातभर लांबीची पितळेची एक नळी. ती उभी चिरलेली आहे आणि वर सरकतं झाकण आहे. काही वर्षांपूर्वी एका सर्वेक्षणाच्या जहाजावर मी मदतनीस म्हणून गेलो होतो. गोदावरी जिथे पूर्वेच्या समुद्राला मिळते, तिथून पुढे खोल पाण्यात अशा नळ्या सोडून आम्ही तळाचा गाळ वर काढला. बाकीच्या नळ्या विलायतेला गेल्या. हिचं तोंड चेपलं होतं म्हणून ही माझ्या वाट्याला आली.

समुद्राच्या तळावर सतत काही ना काही पडत असतं. नद्यांनी आणलेली माती पडते, आणि पाण्यात तरंगणारे राईहून बारीक जीव मेले की त्यांची कवचं पडतात. पाऊसपाणी भरपूर असेल तर नदी माती जास्त आणते आणि थर काळपट होतो. पाऊस रुसला की माती कमी येते, कवचंच जास्त दिसतात आणि थर फिका पडतो. असे थर एकावर एक बसत जातात. वरचा नवा, खालचा जुना. माझ्या नळीत तळाला फिका गाळ होता, वर काळा, आणि त्या काळ्याच्या मधोमध बोटभर जाडीचा एक फिका पट्टा. माझं म्हणणं असं की तो पट्टा म्हणजे एक फार लांबलेला कोरडा काळ, माणसांच्या कित्येक पिढ्या टिकलेला. त्याची आठवण जमिनीवर कुणालाच नाही.

आमचे मुख्य प्राध्यापक म्हणत की हा काळा रंग किनाऱ्यालगतच्या खाजणातल्या कुजक्या पाल्याचा आहे, पावसाचा त्याच्याशी संबंध नाही. काळ्या थरातले बारीक कण लोहचुंबकाला चिकटतात हे मी त्यांना दाखवलं. ते म्हणाले, काळी वाळू किनाऱ्यावरही असते. मग राहिला एकच मार्ग. गोदावरीच्या वरच्या अंगाला, जिथे काळ्या दगडाशिवाय दुसरं काही नाही, तिथले कण आणून नळीतल्या कणांशेजारी ठेवायचे आणि भिंगाखाली दोन्ही एकच आहेत हे दाखवायचं. प्राध्यापकांनी सुट्टी संपेपर्यंत मुदत दिली. त्यानंतर कॉलेजातलं नळी ठेवायचं कपाट दुसऱ्या कामाला लागणार होतं आणि नळी कचऱ्यात जाणार होती. गाळ वाळला की रंग बदलतो, म्हणून तुलना ओल्याची ओल्याशी करायची होती. शिवाय मी नसताना ती कुणी फेकून देईल अशीही भीती होती. म्हणून नळी बरोबर घेतली.

खरं तर या कामाला नाशिकही चाललं असतं. गाडीत बसलं की नाशिक येतं. पण दोन वर्षांपूर्वी पत्नीच्या, सुमतीच्या, अस्थी मी रामकुंडात सोडल्या, आणि पुन्हा त्या पायऱ्या उतरायचं धैर्य मला झालं नाही. नकाशावर बोट फिरवत मी गोदावरीला मिळणारी दुसरी एखादी नदी शोधली. सिंदफणा सापडली. तिचं नावही मी तोवर कधी उच्चारलं नव्हतं.

नाका

नगरपर्यंत आगगाडी आणि पुढे मोटार. इंग्रजी हद्द संपून निजामाचा मुलूख लागतो तिथे करोडगिरीचा नाका आहे. करोडगिरी म्हणजे जकात. मोटारीतून सगळ्यांना उतरवलं, गाठोडी सोडायला लावली. कापडाचे तागे, विड्यांची पुडकी, एका बाईचं नवं लुगडं असं बघत बघत मुन्शी माझ्यापर्यंत आला. डोळ्यांत सुरमा, डोक्यावर लाल तुर्की टोपी, आणि पान खाऊन तोंडाचीही तीच तऱ्हा. ओल्या फडक्यात गुंडाळलेली नळी पाहून त्याचा चेहरा खुलला.

"ये क्या है?"

"मिट्टी."

"मिट्टी के मुलुख में मिट्टी लेको आरैं? कायकु? हमारे इधर कम पडगई क्या?"

समुद्राच्या तळाची आहे असं सांगितल्यावर त्याने झाकण सरकवलं, गाळाला बोट लावलं आणि ते बोट थेट जिभेवर ठेवलं. मी आ वासून बघत राहिलो. कोरड्या काळाचा निदान शंभर वर्षांचा पुरावा त्या माणसाच्या पोटात गेला होता. त्याने भुवया चढवल्या.

"इसमें तो नमक है."

मिठावर जकात आहे. आता झाली का पंचाईत. तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला, मग नळी हातात घेऊन तोलली, माझ्याकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं आणि ती मला परत दिली.

"जाओ मियाँ. इत्ते नमक में तो दाल बी नहीं होती."

मोटारीतले सगळे हसले, मीही हसलो. घरी गेल्यावर हे सांगायचं असं मनात आलं आणि लगेच आठवलं की घरी कुणी नाही. प्रवासातल्या गमतीचं हेच वाईट असतं. ती पदरात पडते आणि मग द्यायची कुणाला ते कळत नाही.

कडा

कडा या गावी मोटारीतून उतरलो, तर तिथे आठवड्याचा बाजार होता. मोठं गाव, मोठा बाजार. मी नदीपात्रात उतरून चुंबक फिरवणार तेवढ्यात शेजारी बैलांना पाणी पाजणाऱ्या एका माणसाने मला हटकलं. उंच, काटक, डोक्याला गुलाबी पटका, वय साठीच्या आसपास.

"काई हरपलं का मास्तर?"

माझ्या चष्म्यावरून त्याने मला मास्तर ठरवलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. मी विचारलं, हे पाणी गोदावरीला जातं का?

"न्हाई. हे पानी शिनेला जातं. गंगेला जायचं आसंल तर आमच्या शिरूरला चला. सिंदफना आमच्या गावावरूनच जाती."

शिना म्हणजे सीना नदी, आणि गोदावरीला तिकडे गंगाच म्हणतात. हे किसनतात्या. बैलजोडी विकायला आले होते, भाव पटला नाही म्हणून जोडी परत घेऊन निघाले होते. शिरूर कासारला त्यांची जमीन होती आणि गावात शब्दाला मान होता. त्यांनी मला न विचारताच माझी ट्रंक गाडीत टाकली. नळी मात्र मी हातात धरली.

"द्या की. गवतात ठिवतो."

"नको. हिला धक्का लागता कामा नये."

त्यांनी नळीकडे एकदा नीट पाहिलं आणि बैल जुंपले.

आम्ही कोकणातली माणसं. आमच्याकडे डोळ्याला कुठेतरी पाणी नाहीतर हिरवं लागतंच. इथे गाडी तास तास चालली तरी समोरचा डोंगर तिथेच. जमीन काळी, भेगाळलेली, भेगा अशा की आख्खा हात कोपरापर्यंत आत जावा. मधूनच एखादं बाभळीचं झाड आणि त्याच्या सावलीत शेळ्या डोकं आत घालून उभ्या. ऊन इतकं की बोलायला तोंड उघडावंसं वाटेना. तात्यांना ते अंगवळणी पडलेलं होतं. ते बैलांशी बोलत होते, मधूनच माझ्याशी.

"मुंबईला समुद्र म्हंजी नेमका केवढा ओ?"

मी क्षितिजाकडे हात केला. "हे सगळं रान पाणी आहे असं समजा. त्याच्या पलीकडे अजून तेवढंच. आणि त्याच्याही पलीकडे."

तात्यांनी त्या सगळ्या रानावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "मग तितं मानूस लई एकटं पडत आसंल."

मी म्हणालो, पडतं.

शिरूर

तात्यांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांच्या पत्नी राधाक्का दारात आल्या. आधी पाय धुवायला पाणी, मग गुळाचा खडा आणि तांब्या. आमच्याकडे उन्हातून आलेल्याला कोकमचं सरबत देतात. इथे गूळ-पाणी, आणि ते घशाखाली उतरताना सरबताहून गोड लागलं. जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि कच्चा कांदा. येसर म्हणजे भाजून दळलेल्या धान्य-मसाल्यांचं पीठ. त्याची आमटी इतकी झणझणीत होती की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं. राधाक्कांनी वाटीत तेल ओतलं आणि ती माझ्यापुढे सरकवली.

"मालकीन कुटं आसत्यात?"

"ती गेली. दोन वर्षं झाली."

"पोरंबाळं?"

"नाहीत."

"मग तुमाला करून कोन घालतं?"

मी खाणावळीचं सांगितलं. खाणावळ हा शब्द त्यांना फारसा पटला नाही. त्यांनी आणखी एक भाकरी वाढली.

जेवणानंतर मी नळीचं फडकं नव्याने भिजवायला घेतलं. हे मी रोज करतो. फडकं सोडायचं, झाकण सरकवून गाळाला तडे गेले नाहीत ना ते बघायचं, पाणी शिंपडायचं, पुन्हा गुंडाळायचं. तात्या भिंतीला टेकून बघत होते. त्यांनी विचारलं की हा गाळ कुठला? मी सांगितलं की गंगा जिथे समुद्राला मिळते तिथला. गंगेत जे जे पडतं ते शेवटी तिथे जाऊन बसतं.

"समदंच?"

"माती, पाला, राख. सगळंच."

तात्यांनी आत चुलीपाशी बसलेल्या राधाक्कांकडे पाहिलं. थोड्या वेळाने राधाक्का बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, राग मानू नका. ते घरात नगं. भाईर लिंबाला टांगू. सावली हाय, गार बी ऱ्हाईल."

त्यांच्या आवाजात वेगळंच मार्दव होतं. मला वाटलं, समुद्राच्या तळाची वस्तू, कुणास ठाऊक काय असेल, अशी त्यांना धास्ती वाटत असावी. हट्ट करायचं कारण नव्हतं. कडुनिंबाखाली खरोखरच गारवा होता. तात्यांनी स्वतः एक नवी सुती पिशवी आणली, नळी तिच्यात ठेवली आणि फांदीला बांधली. जमिनीला टेकू दिली नाही. मला त्यांचा नेमकेपणा आवडला.

पुढचे काही दिवस मी सकाळी सिंदफणेच्या पात्रात उतरायचो. नदी म्हणायला फक्त डोह उरले होते, बाकी वाळू आणि गोटे. दरडीला वरवंट्यासारखे गोल दगड बसलेले, त्यांच्यावर काळ्या मातीचा जाड थर. वाळूत चुंबक फिरवला की त्याला काळी दाढी फुटायची. गावातल्या बायका धुणं आपटता आपटता बघायच्या आणि आपसात हळू बोलायच्या. कुणी माझी चेष्टा केली नाही, याचंच मला नवल वाटलं. आमच्या गावी नदीत लोखंड शोधणाऱ्याला लोकांनी सळो की पळो करून सोडलं असतं.

एका दुपारी लिंबाखाली बसून मी दोन काचा शेजारी शेजारी ठेवल्या. एकीवर नळीतल्या काळ्या थराचे कण, दुसरीवर सिंदफणेचे. इथला काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा. लाव्हा झपाट्याने थिजतो तेव्हा त्यातल्या लोखंडी कणांना कुसासारखी एक नक्षी पडते. किनाऱ्यावरच्या वाळूत ती नसते. मी भिंगाचं तोंड फिरवत फिरवत कण स्पष्ट केले. इकडे ती नक्षी होती. काच बदलली. तिकडेही तीच होती. शिवाय सिंदफणेच्या कणांना तांबूस गंजाचं एक कवच होतं, तेही नळीतल्या कणांना होतं. समुद्रात इतका काळ पडूनही ते निघालेलं नव्हतं.

म्हणजे माझं बरोबर होतं. काळा थर खाजणाचा नव्हता, तो या रानाचा होता. आणि मधला फिका पट्टा म्हणजे हे रान खरोखरच पिढ्यान्पिढ्या कोरडं पडलं होतं, नदीला वाहून न्यायला पाणीच नव्हतं. हे त्या क्षणी जगात मला एकट्याला माहीत होतं. मला धावत जाऊन कुणाचा तरी हात धरावासा वाटला.

"पाहिलंस का?" मी मोठ्याने म्हणालो.

असं मी बोलतो. ही नळी मी एकदा घरी नेली होती तेव्हा सुमतीने तासभर भिंगाला डोळा लावला होता. ती कवचं रांगोळीच्या ठिपक्यांसारखी दिसतात म्हणाली होती. माझं काम तिच्याइतकं मन लावून कुणी पाहिलं नाही. ती गेल्यापासून भिंगात काही दिसलं की तोंडून तेच निघतं, आणि पुढे मी तिला सगळं सविस्तर सांगतोही. त्या दुपारीही सांगितलं. आणि सांगता सांगता तिथे परमुलखात, लिंबाखाली, मी लहान मुलासारखा रडलो. मान वर केली तर गोठ्याच्या दाराशी तात्या उभे होते. ते मागे वळले.

संध्याकाळी मी म्हणालो की आता एकच काम राहिलं. सिंदफणा मांजरथला गंगेत मिळते तिथली वाळू घ्यायची, म्हणजे साखळी पुरी होईल.

"मांजरथला?" तात्या एकदम म्हणाले. "मी येतो संगं. माजंबी तितं काम हाय."

"तुमचं काय काम?"

"हाय एक. लई दिवसाचं ऱ्हायलंय."

निघताना राधाक्कांनी वाटेसाठी धपाटे बांधून दिले. पुरचुंडी माझ्या हातात देताना म्हणाल्या, "जिवाला लई लावून घेऊ नका मास्तर. सोडावं लागतं."

मला वाटलं कामाबद्दल म्हणत आहेत.

मांजरथ

बीडपर्यंत बैलगाडी आणि तिथून मोटार. बीडमध्ये कचेऱ्यांवर सगळे फलक उर्दू, त्यामुळे मोटारीचा अड्डा शोधताना मी, चांगला शिकलेला माणूस, अडाण्यासारखा तात्यांच्या मागे फिरलो. मोटार वाटेत एकदा बंद पडली, सगळ्यांनी उतरून ढकलली. तात्यांनी मला ढकलू दिलं नाही. "तुमी तेवढी नळी संबाळा," म्हणाले.

मांजरथला सिंदफणा गोदावरीला मिळते. काठावर दगडी घाट आणि एक धर्मशाळा. उन्हाळ्यात गंगाही अंग चोरून असते, पण घाटापाशी कमरेएवढं पाणी होतं आणि त्याला ओढ होती. सकाळी मी चुंबक आणि डबी घेऊन संगमाच्या वरच्या अंगाला निघालो. वाळूत लांबवर चालायचं होतं, म्हणून नळी तात्यांच्या हवाली केली.

"हिला जपा तात्या."

त्यांनी दोन्ही हातांनी पिशवी घेतली आणि कपाळाला लावली. "तिची काळजी सोडा आता," म्हणाले.

परतायला मला चांगला उशीर झाला. घाटावर एक गुरुजी बसलेले होते आणि त्यांच्यासमोर ओल्या धोतरातला, गोटा केलेला एक माणूस. पटका नाही, मिशाही नाहीत. जवळ गेल्यावर त्याने वर पाहिलं, तेव्हा मला कळलं की ते तात्या होते. त्या मुलखात पुरुष मान झुकवील, पण मिशीला कात्री लावू देणार नाही. ती फक्त घरचं कुणी गेलं की उतरते, नाहीतर तीर्थावर क्रिया करताना.

माझी नळी पायरीवर पडलेली होती. उघडी, राखेने घासून लख्ख केलेली, रिकामी.

"तात्या, यातला गाळ?"

"सोडला मास्तर. गंगेला दिला."

मी कपड्यांनिशी पाण्यात उतरलो. दोन-तीन पायऱ्यांच्या खाली पाण्यात एक काळपट ढग अजून दिसत होता, पातळ होत होत तो धारेला लागला होता. मी त्यात हात घातले. हाताला पाण्याशिवाय काही लागलं नाही. मागे वळून मी ओरडणार होतो. ती माती होती, ते माझं आयुष्य होतं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं, असं सगळं जिभेवर आलं होतं.

तात्या पायरी उतरून माझ्यापाशी आले. त्यांचा चेहरा मिशांविना फार उघडा आणि म्हातारा दिसत होता.

"तुमच्या हातनं झालं नसतं," ते म्हणाले. "आमी बगत होतो की. वल्या फडक्यात गुंडाळून मानूस घेऊन फिरता. समुद्र म्हनता, गाळ म्हनता. अस्थी घरात ठिवू न्हाई, म्हनून आमच्या कारभारनीनं लिंबाला टांगाया लावलं. तुमी तितं बसून तिच्याशी बोलत व्हता, रडत व्हता. त्या जिवाला वाट कशी मिळायची? म्हनलं, ह्या मानसाला पोर न्हाई, भाऊ न्हाई. मीच बसतो. गुरुजीला सांगितलं, माजी बहीन हाय."

गुरुजी पाण्याच्या काठावरून म्हणाले, "नाव-गोत्र ह्यांना ठाऊक नव्हतं. तीळ-पाणी द्यायचं थांबवलंय. तुम्ही सांगा."

तात्यांच्या ओंजळीत काळे तीळ होते. ते माझ्याकडे बघत होते. मी एक वाक्य बोललो असतो तर त्या माणसाने एका मातीच्या नळीसाठी मिशा उतरवल्या असं झालं असतं, आणि ते घेऊन त्यांना गावात परत जावं लागलं असतं. पण मी गप्प राहिलो ते एवढ्यासाठीच नाही. दोन वर्षांत सुमतीसाठी माझ्याखेरीज कुणी काही केलं नव्हतं. रामकुंडावर मी एकटा होतो, भाड्याचा गुरुजी घाईत होता आणि मागे दुसरी माणसं रांगेत उभी होती. इथे एक परका म्हातारा तिचा भाऊ होऊन उन्हात थांबला होता.

मी नाव सांगितलं, गोत्र सांगितलं. गुरुजींनी ते मोठ्याने म्हटलं. तात्यांनी ओंजळीतले अर्धे तीळ माझ्या हातात दिले आणि आम्ही दोघांनी पाणी सोडलं.

बीडच्या अड्ड्यावर वेगळं होताना तात्यांनी विचारलं, "आता हलकं वाटतंय का?" मी हो म्हणालो. ते अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यात मी तात्यांवर अजून चिडलेलो होतो.

मुंबई

प्राध्यापकांनी रिकामी नळी पाहिली आणि गाळ कुठे आहे विचारलं. मी म्हणालो, होता तिथे परत गेला. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि कपाट रिकामं करायला सांगितलं. सिंदफणेची आणि संगमाची काळी वाळू माझ्याकडे डबीत आहे. तिच्याशेजारी ठेवायला दुसरं काही नाही. ते दोन्ही कण एकच होते हे मी पाहिलं आहे, पण पाहणारा मी एकटाच होतो, आणि शास्त्रात एकट्याच्या डोळ्यांना किंमत नसते. कुणी पुन्हा तिथे नळी सोडली तर तो फिका पट्टा त्याला सापडेल. माझ्या हयातीत सोडतील असं वाटत नाही.

परवा भाद्रपद लागला. शिरूरचा एक कापडवाला माल घ्यायला मुंबईला आला होता, तो तात्यांना मी दिलेला पत्ता शोधत खाणावळीत आला. तात्यांनी निरोप दिला होता की तब्येत बरी आहे, बैलजोडी अखेर विकली नाही, मिशा पुन्हा आल्या आहेत. दुसरा निरोप राधाक्कांचा होता. सर्वपित्रीला त्या घरच्या पानांबरोबर सुमतीचंही एक पान वाढणार आहेत. "बाईला काय आवडत व्हतं तेवढं विचारून ये," असं त्यांनी त्याला बजावलं होतं.

तो माणूस उत्तरासाठी उभा होता. ती गेल्यापासून लोकांनी मला विचारलं होतं की आजार कोणता होता, आता जेवता कुठे, दुसरं लग्न करणार का. तिला काय आवडायचं, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं, नारळाच्या रसातल्या शेवया. शेवया तुमच्याकडे घरच्या असतातच, वाळवून ठेवलेल्या. नारळ मात्र तिकडे बरे मिळायचे नाहीत, ते मी देतो. त्याला बसवून मी बाजारात गेलो आणि एकेक नारळ कानाशी हलवून पाणी ऐकून घेतले. दोन वर्षांत मी नारळ विकत घेतला नव्हता. दुकानदाराने विचारलं, घरी काही आहे का? मी म्हणालो, हो, आमच्याकडे पान आहे.